ताळा जमल्याखेरीज कार्ड पुसू नये



मागील काही महिन्यांत अनेक वाचकांनी एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत मांडली. घरात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा आहे, त्यात जुनी छायाचित्रे आहेत; परंतु कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी चालत नाही, संगणक कॅमेऱ्यास ओळखत नाही, आणि दुकानातील जुना संगणक टाकून देणेही शक्य नाही. या पत्रांना उत्तर लिहिण्याचे मनात असतानाच आमच्या स्वतःच्या आप्तांकडे हाच प्रसंग उद्भवला. त्यातून मला जे शिकावयास मिळाले, ते क्रमवार सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीस असते. दाजींचा हळदीचा व्यापार आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. दाजींच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला. धान्य गेले, फर्निचर गेले. ते पुन्हा आणता आले. परंतु भिंतीतील कपाटात ठेवलेले छायाचित्रांचे आठ आल्बम चिखलाने असे चिकटले की पाने सोडवताना चेहरेच निघून आले. दाजींच्या मातोश्री, ज्यांना सारे घर माई म्हणे, त्या २०१० साली निवर्तल्या होत्या. भिंतीवरील त्यांची तसबीरही त्याच पुरात गेली.

गेल्या वर्षी माळ्यावरची आवराआवर करताना अक्काला २००७ साली घेतलेला कॅमेरा सापडला. तो वरच्या मजल्यावर असल्यामुळे वाचला होता. त्यातील कार्डावर २००७ ते २००९ या काळातील छायाचित्रे असावीत, अशी तिची आठवण होती. तिने मला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "अरे, माईंचा एक तरी फोटो त्यात असेल. पोरांनी तीनदा प्रयत्न केला, सीडी लावली, पण कॅमेरा जोडलेला नाही असंच यंत्र म्हणतंय. आता ते म्हणतात, कॅमेरा बिघडला. तू येऊन बघतोस का?"

मी शनिवारी सांगलीस पोचलो. दुकानातील संगणकही २००७ सालचाच, विंडोज एक्सपी प्रणालीवर चालणारा. त्यात दाजींची जुन्या वर्षांची खाती आहेत आणि बिले छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही त्यासच जोडलेला आहे, म्हणून तो अजून टिकून आहे. भाच्याचा नवा लॅपटॉप पुण्यास होता. जे काही करावयाचे, ते याच संगणकावर.

बँकेत नोकरीस लागलो तेव्हा आमच्या शाखाधिकाऱ्यांनी एक गोष्ट शिकविली होती. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर प्रथम मोठ्या चुकीचा संशय घेऊ नये. आधी सर्वांत साधी नोंद तपासावी. मी त्याच रीतीने आरंभ केला.

प्रथम विद्युतघट. कॅमेऱ्यात दोन पेन्सिल सेल बसत. जुने सेल पाझरले होते आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर जमला होता. कापसाच्या बोळ्यास किंचित व्हिनेगर लावून तो थर पुसला, मग पट्ट्या कोरड्या केल्या व नवे सेल घातले. कॅमेरा सुरू झाला. म्हणजे 'कॅमेरा बिघडला' हे निदान पहिल्या दहा मिनिटांतच खोटे ठरले. पूर्वी प्रयत्न केला तेव्हा सेल अर्धवट क्षीण झालेले असणार. असे सेल पडदा उजळू शकतात, परंतु छायाचित्रे पाठविण्याच्या मध्येच कॅमेरा बंद पडतो. म्हणून हस्तांतरणाच्या वेळी नेहमी नवे किंवा पूर्ण भारित सेल वापरावेत.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहण्याची खूण निवडली, तेव्हा कोपऱ्यात एक आकडा दिसला: ६१४. कार्डावर एकंदर ६१४ नग आहेत, असा त्याचा अर्थ. मी तो आकडा कागदावर लिहून ठेवला. वाचकांनीही असेच करावे. पुढे या आकड्याचे महत्त्व कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे वायर. भाच्याने जी वायर वापरली होती, ती एका जुन्या मोबाइलच्या चार्जरची होती. तोंड तंतोतंत बसत होते, परंतु यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन वीज वाहण्यासाठी आणि दोन माहिती वाहण्यासाठी. केवळ चार्जिंगसाठी केलेल्या स्वस्त वायरींत माहितीच्या दोन तारा नसतातच. कॅमेऱ्याची मूळ वायर त्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात निघाली. ती संगणकाच्या पुढील बाजूस न जोडता मागील बाजूस जोडली. जुन्या संगणकांत पुढची यूएसबी छिद्रे आतून एका लांब वायरीने जोडलेली असतात व कालांतराने ती सैल होतात. मागची छिद्रे थेट मुख्य फलकावर असतात. वायर जोडताच संगणकाने परिचित ध्वनी केला.

तरीही सीडीवरील प्रणाली 'कॅमेरा जोडलेला नाही' हेच सांगत राहिली. भाचा म्हणाला, "मामा, बघा, सॉफ्टवेअरच ओळखत नाही."

येथे मूळ समजुतीचा दोष आहे, आणि बहुसंख्य वाचकांचाही हाच दोष असतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी प्रणाली म्हणजे छायाचित्रे नव्हेत. ती केवळ एक कारकून आहे. छायाचित्रे कार्डावर साध्या फायलींच्या स्वरूपात असतात, आणि त्या फायली कोणत्याही संगणकास वाचता येतात. कारकून रजेवर असला म्हणून तिजोरीतील रक्कम नाहीशी होत नाही. कंपन्या काही वर्षांनी अशा प्रणाली बंद करतात, नव्या विंडोजसाठी त्यांची आवृत्ती काढीत नाहीत, संकेतस्थळावरूनही त्या काढून टाकतात. त्यांच्यामागे दिवस घालविण्यात अर्थ नाही.

कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबीविषयी एक पर्याय असतो. त्यात बहुधा दोन नावे दिसतात, पीटीपी आणि मास स्टोरेज. पीटीपी निवडल्यास संगणक त्यास कॅमेरा म्हणून ओळखतो. विंडोज एक्सपीमध्ये त्यासाठी छायाचित्रे उतरवून घेणारी सोय अंगभूत आहे. मास स्टोरेज निवडल्यास कॅमेरा पेनड्राइव्हप्रमाणे स्वतंत्र अक्षर घेऊन 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसतो. आम्ही मास स्टोरेज निवडले, वायर काढून पुन्हा जोडली, आणि नवी ड्राइव्ह प्रकट झाली. सीडीची गरजच उरली नाही.

ज्यांच्या कॅमेऱ्यात केवळ पीटीपीचाच पर्याय आहे आणि तरीही तो दिसत नाही, त्यांनी 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून पिवळे चिन्ह असलेली नोंद आहे का ते पाहावे. असल्यास ती काढून टाकावी, संगणक पुन्हा सुरू करावा व मग कॅमेरा जोडावा. त्यानेही न झाल्यास 'सर्व्हिसेस' या यादीत 'विंडोज इमेज अॅक्विझिशन' ही सेवा चालू आहे याची खात्री करावी. संगणकाचा वेग वाढावा म्हणून काही दुरुस्ती करणारे ही सेवा बंद करून ठेवतात आणि मग दोष कॅमेऱ्यावर येतो. आणि हे सर्व थकले, तर कार्ड बाहेर काढून यूएसबी कार्ड रीडरमध्ये घालावे. वास्तविक हाच मार्ग सर्वांत निर्धोक आहे, कारण त्यात कॅमेऱ्याच्या सेलवर अवलंबून राहावे लागत नाही.

नव्या ड्राइव्हमध्ये 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर होता. बहुतेक सर्व कॅमेरे याच नावाचा फोल्डर करतात. त्यात १००, १०१, १०२ अशा अंकांनी सुरू होणारे तीन कप्पे होते. भाच्याने ते तिन्ही निवडून संगणकावर प्रत करण्यास लावले आणि आम्ही चहा घेण्यास बसलो.

चहा चालू असता भाच्याने दुसरे एक कार्ड आणले. पुतणीच्या लग्नात नव्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे त्यावर होती. कार्ड ६४ जीबीचे. कार्ड रीडरमधून ते त्याच संगणकास लावताच पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करावयाची काय? भाच्याचा हात माउसवर गेला. मी तो धरला.

वाचकहो, हा प्रश्न नीट लक्षात ठेवावा. याचे उत्तर नेहमी 'नाही' असेच द्यावे. कार्ड कोरे आहे असे संगणक म्हणत नसतो. 'मला हे वाचता येत नाही', एवढेच तो आपल्या भाषेत सांगत असतो. एसडी कार्डांच्या पहिल्या तीन पिढ्या अशा आहेत. पहिली साधी एसडी, २ जीबीपर्यंत. दुसरी २००६ सालापासूनची एसडीएचसी, ३२ जीबीपर्यंत. तिसरी २००९ सालापासूनची एसडीएक्ससी, त्याहून मोठी. पहिल्या पिढीचे कार्ड रीडर दुसऱ्या पिढीचे कार्ड वाचू शकत नाहीत. शिवाय तिसऱ्या पिढीच्या कार्डांवर एक्सफॅट नावाच्या पद्धतीने नोंदी ठेवलेल्या असतात आणि विंडोज एक्सपीस ती पद्धत मुळात ठाऊक नाही. त्यासाठी एक पुरवणी स्वतंत्रपणे बसवावी लागे. विंडोज ७ व त्यानंतरच्या प्रणालींस ती पद्धत अवगत आहे. म्हणजे दोष कार्डाचा नव्हता, वाचणाऱ्याचा होता. मोडी न येणाऱ्याने जुनी वही कोरी ठरवून रद्दीत घालावी, तसाच हा प्रकार झाला असता.

अशा वेळी उपाय सोपा आहे. कार्ड एखाद्या नव्या संगणकास लावावे, तेथून छायाचित्रे फॅट३२ पद्धतीच्या लहान पेनड्राइव्हवर घ्यावीत व तो पेनड्राइव्ह जुन्या संगणकास लावावा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. छायाचित्रांस ही अडचण कधीच येत नाही, दीर्घ चित्रफितीस मात्र येऊ शकते. लग्नाचे ते कार्ड आम्ही तसेच डबीत ठेवून पुण्यास धाडण्याचे ठरविले.

तोवर भाच्याने पडद्याकडे पाहिले. प्रत करण्याची खिडकी नाहीशी झाली होती. एक छोटी सूचना आली होती, ती त्याने 'ओके' म्हणून मिटविली. "मामा, झालं. आता या कॅमेऱ्याचं कार्ड पुसतो, म्हणजे आजीला त्यात फोटो काढता येतील."

दाजी इतका वेळ गादीवर बसून शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "अरे थांब. मामा बँकेतले आहेत. ताळा घेतल्याशिवाय ते उठू देणार नाहीत."

ताळा घेतला. संगणकावरील फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले. फायलींची संख्या होती ५८८. माझ्या कागदावर होते ६१४. फरक २६.

बँकेत एका रुपयाचा फरक असला तरी दिवस बंद होत नसे. तो रुपया कोणी खिशातून भरून दिलेलाही चालत नसे, कारण प्रश्न रुपयाचा नसतो, फरक का पडला याचा असतो. येथेही कारण शोधले. विंडोज एक्सपीची एक खोड आहे. शेकडो फायलींची प्रत चालू असता मध्ये एखादी फाइल वाचता आली नाही, तर तो ती एक सोडून पुढे जात नाही. सूचना देतो आणि उरलेले सगळे काम तेथेच सोडून देतो. भाच्याने 'ओके' म्हणून मिटविलेली सूचना तीच होती. १०२ क्रमांकाच्या कप्प्यातील एक फाइल खराब झाली होती आणि तिच्यामागच्या २५ फायली चांगल्या असूनही संगणकावर आल्याच नव्हत्या.

त्या पंचवीस फायली वेगळ्या निवडून प्रत केल्या. त्या सुखरूप आल्या. खराब फाइल कार्ड रीडरमधून दोनदा घेऊन पाहिली. चित्राचा वरचा अर्धा भाग आला, खालचा करडाच राहिला. मी कागदावर लिहिले: एकूण ६१४, पैकी ६१३ उत्तम, १ अर्धवट. फरक निरंक.

मग दाजींनी त्या पंचवीस फायली उघडावयास सांगितल्या. त्या २००९ च्या दिवाळीतील वहीपूजनाच्या होत्या. जुने दुकान, पांढरी गादी, लाकडी कपाट, नवी कीर्द, खतावणी, आणि मधोमध माई. शेवटची फाइल छायाचित्र नव्हते. कॅमेऱ्यानेच घेतलेली अठरा सेकंदांची चित्रफीत होती. तीत माई कोणास तरी म्हणत होत्या, "अरे, आधी पहिल्या पानावर तारीख घाल. तारीख नसलेला हिशेब कोणाचा?"

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली ती दारातच उभी राहिली. माईंचा आवाज त्या घरात इतक्या वर्षांनी प्रथमच ऐकू आला. दाजींनी ती चित्रफीत पुन्हा लावण्यास सांगितले, आणि पुन्हा. भाचा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मामा, मी पुसणार होतो." मी त्यास काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरले नव्हते.

आता त्या दिवशी पाळलेले व प्रत्येक घराने पाळावे असे काही नियम सांगतो.

छायाचित्रे उतरवून घेताना कंपनीच्या प्रणालीत 'उतरवून झाल्यावर कॅमेऱ्यातून काढून टाका' अशी एक चौकट असते. तीतील खूण प्रथम काढावी. ती प्रणाली प्रत पूर्ण झाली असे समजते. ती समजूत आपण पारखून घ्यावयाची असते.

प्रत्येक कार्डासाठी, प्रत्येक वेळी, नवा फोल्डर करावा व त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग लिहावा; जसे २००९-१०-दिवाळी. कॅमेरे फायलींना चार अंकी क्रमांक देतात. ९९९९ नंतर, आणि काही कॅमेऱ्यांत कार्ड बदलल्यावरही, क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. त्यामुळे दोन निरनिराळ्या प्रसंगांच्या फायलींचे नाव एकच असू शकते. एकाच फोल्डरात दोन्ही टाकल्यास 'जुनी फाइल बदलावी काय' असा प्रश्न येतो आणि 'होय' म्हटल्यास जुने चित्र जाते.

फायलीतील तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सेल दीर्घकाळ काढून ठेवल्यास कॅमेऱ्याचे घड्याळ आरंभीच्या तारखेवर जाते आणि त्यानंतरच्या छायाचित्रांवर चुकीची तारीख बसते. म्हणूनच फोल्डरच्या नावात खरी तारीख आपण लिहावयाची. माईंचे वाक्य येथेही लागू पडते.

प्रत झाल्यावर संख्या व एकूण आकारमान दोन्ही जुळवून पाहावे. त्यानंतर आरंभीची, मधली व शेवटची काही चित्रे उघडून पाहावीत. वायर किंवा पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' अवश्य करावे; पडद्यावर काम संपलेले दिसले तरी आत लिहिणे चालू असू शकते.

एक प्रत ही प्रत नव्हे. जुन्या संगणकाची डिस्क केव्हाही थांबू शकते. दुसरी प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी व तिसरी दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवावी. आमच्या बँकेत तिजोरीच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, त्यामागे अविश्वास नसे. एकाच ठिकाणी सर्व ठेवू नये, एवढाच विवेक असे. ज्यांनी पूर पाहिला आहे, त्यांस हे अधिक सांगावयास नको.

विंडोज एक्सपीसाठी सुरक्षेच्या पुरवण्या ८ एप्रिल २०१४ पासून आणि विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० पासून सर्वसामान्य ग्राहकांस मिळणे बंद झाले आहे. असा संगणक इंटरनेटला जोडू नये, आणि बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी नव्या संगणकावर तपासून घ्यावा.

चुकून कार्ड पुसले गेलेच, तर त्या क्षणी ते कॅमेऱ्यातून काढून बाजूस ठेवावे. त्यावर एकही नवे छायाचित्र काढू नये. पुसताना बहुधा केवळ सूची पुसली जाते, चित्रे वरून दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तेथेच असतात. फोटोरेक नावाच्या मोफत प्रणालीने त्यांतील बरीच परत मिळू शकतात; मात्र मिळालेली चित्रे त्याच कार्डावर साठवू नयेत.

आणि हे सर्व यथास्थित पार पडल्यावरच कार्ड मोकळे करावे; तेही संगणकावर नव्हे, कॅमेऱ्याच्याच मेनूतून.

दाजींनी ते कार्ड मोकळे केले नाही. एका लहान पाकिटात घालून, वर तारीख लिहून, ते तिजोरीत ठेवले. माईंची नवी तसबीर आता दुकानात लागली आहे. एक प्रत माझ्याकडे कोल्हापुरास आहे, दुसरी भाच्याकडे पुण्यास. भाचा आता प्रत करून झाली की कोणी न सांगता संख्या मोजतो.

आपल्या कपाटात, माळ्यावर, जुन्या पिशवीत असा एखादा कॅमेरा असेल, तर तो बिघडला असे ठरविण्यापूर्वी एकदा नवे सेल घालून पाहावे. पुढील अंकी, आलेल्या पत्रांस अनुसरून, जुन्या सीडींवरील छायाचित्रे व खात्यांच्या प्रती कशा वाचवाव्यात याचा विचार करू.